खुर्चीतली पाठमोरी

१

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत आल्यावर जगन्नाथराव आधी शांतपणे चहा प्यायले, कपबशी बाजूला सारली आणि मग म्हणाले, "भानू, आता तो सिनेमा एकदा बघून घेऊ."

दवाखान्यापासून घरापर्यंत रिक्षात भानुमती तोंड वळवून डोळे पुसत आली होती. तिने नाक ओढत विचारलं, "कुठल्या टॉकीजला लागलाय?"

"लागलाय कुठला. जिथे जिथे काढला, तिथे जाऊन बघू म्हणतोय. झाशीतच तर काढलाय सगळा. इतकी वर्षं आपण नुसतं जाऊ जाऊ करतोय. आता नाही गेलो तर पुढे तू एकटी जाऊन मला सांगशील, आणि तू सांगताना मीठमसाला फार घालतेस."

तो सिनेमा म्हणजे 'उस पार की बत्ती'. दोघांच्या लग्नाच्या आदल्या वर्षी मुंबईची माणसं झाशीत येऊन तो काढून गेली होती. सगळं गाव शूटिंग बघायला लोटलं होतं. भानुमतीला मात्र वडिलांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. तिचं माहेर झाशीतलंच, पेशवाईत इकडे आलेल्या भटजींचं घर. जगन्नाथराव भुसावळचे, रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढायच्या नोकरीवर इकडे आलेले. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं बाहेर गेले ते रेल्वे इन्स्टिट्यूटच्या पडद्यावर हा सिनेमा बघायला. पुढे तो जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तेव्हा त्यांनी पाहिला. दोघांनाही तो ओळीने पाठ होता.

गोष्ट साधी होती. एका इंजिन ड्रायव्हरची बायको छावणीतल्या बंगल्यात एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला राहते. नवरा गाडी घेऊन जातो तो परत येत नाही. ती रोज संध्याकाळी म्हातारीच्या पायाशी बसून दिवसभराचं सगळं सांगते. म्हातारी वेताच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसलेली, कायम पाठमोरी. पांढरा अंबाडा आणि खुर्चीच्या हातावर ठेवलेला पंजा, एवढीच काय ती दिसते. तोंड शेवटपर्यंत दाखवलेलं नाही.

त्यावरून नवराबायकोचं लग्नाइतकंच जुनं भांडण होतं. जगन्नाथराव म्हणायचे, खुर्चीत कोणी नव्हतंच. लोडावर गंगावन चढवलं आणि सुताराकडून लाकडी पंजा करून घेतला. भानुमती म्हणायची, बाई होती. एकदा तिचं बोट हललं होतं. नायिका बोलता बोलता एक प्रसंग गाळते, तेव्हा म्हातारीचं बोट खुर्चीच्या हातावर टकटक करतं.

"ते तुझ्या मनात हललं," जगन्नाथराव म्हणायचे.

आता ते म्हणाले, "चल, बंगल्यात जाऊन खुर्चीच बघून येऊ. म्हणजे तुझं एकदा समाधान होईल."

डॉक्टरांनी 'काला मोतिया' म्हटलं होतं, म्हणजे काचबिंदू. नोकरी त्यापायी आधीच सुटली होती. उन्हाळ्यापर्यंत जेवढं दिसेल तेवढं आपलं म्हणायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. मूलबाळ नव्हतं. नगरा मोहल्ल्यातल्या त्या दोन खोल्यांत आपल्यामागे यांचं कोण, हा विचार भानुमतीने रिक्षात पहिल्यांदा केला होता आणि तो तिच्या घशात अडकून बसला होता.

ती म्हणाली, "जाऊ. पण मफलर बांधायचा."

२

सुरुवात लोखंडी पुलापासून केली. यार्डावरून पलीकडे जाणारा तो पूल घरापासून जवळच. रोज भाजीला जाताना भानुमती त्याच्याजवळून जायची. सिनेमाचं पहिलं दृश्य तिथलंच: नायिका कठड्याला टेकून नवऱ्याचं इंजिन जाताना बघते आणि धुराचा लोट येऊन पडदा पांढरा होतो.

रविवारची सकाळ होती, कोवळं ऊन पडलेलं. जगन्नाथरावांनी कठड्यावरून हात फिरवत बरोबर जागा शोधली. "इथे. इथेच उभी होती ती. तू तशी उभी राहा बघू."

"लोक बघतील."

"बघू देत. मलाही बघू दे."

भानुमती लाजली आणि उभी राहिली. खालून मालगाडी निघाली, कोळशाचा धूर वर आला. धूर विरला तेव्हा जगन्नाथराव तिच्याकडे बघून लहान मुलासारखे हसत होते.

"तेच, अगदी तेच. पेटीसुद्धा तिथेच ठेवलीय."

"कसली पेटी?"

"पत्र्याची. तिच्या पायाशी असते की, दोरी बांधलेली."

पुलावर पेटी नव्हती. एक कुत्रं होतं आणि पानाच्या पिचकाऱ्या होत्या.

उतरताना त्यांनी सहज विचारलं, "तू आज पांढरं का नेसलीस?"

ती कुंकवाच्या रंगाचं नेसली होती. त्यांना तेच आवडतं म्हणून मुद्दाम काढलेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना न सांगता ती सिविल लाइन्सला डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि समजावलं, "घबराइए मत, बहनजी. नज़र जाने लगती है तो दिमाग़ अपनी तरफ़ से तस्वीरें बनाता है. कइयों को दिखता है, कोई पागलपन नहीं है." भानुमती इतकी हलकी झाली की येताना तिने पावशेर जिलेबी घेतली. जगन्नाथराव जिलेबी खाताना म्हणाले, "आज काय आहे?" ती म्हणाली, "काही नाही. खा."

३

पुढच्या खेपेला लक्ष्मी तालाच्या, म्हणजे गावातल्या तळ्याच्या, घाटावर गेले. सिनेमात नायिका तिथे कपडे धुते आणि पलीकडच्या काठावर सिग्नलची बत्ती बघते. थंडी मरणाची होती. दवाने पायऱ्यांचे दगड भिजून काळे झाले होते. घाटावर माणूस नव्हतं.

जगन्नाथराव तिच्या दंडाला धरून वरच्या पायरीवर थांबले. बराच वेळ बघत राहिले. आताशा ते बघायचे तेव्हा मान किंचित कलती करायचे, राहिलेल्या कोपऱ्यातून बघितल्यासारखी.

"खुर्ची इथे कशी आणली असेल गं?" ते म्हणाले.

"कुठली खुर्ची?"

"म्हातारीची. ती काय खाली, पाण्याजवळ. पाठमोरी बसलीय."

भानुमती दचकली. बाई दिसली म्हणून नव्हे. त्याला डॉक्टरांचं उत्तर होतं. पण घाटाच्या दृश्यात म्हातारी नाही. ती बंगल्याबाहेर कधी पडतच नाही, हे तिला जितकं माहीत होतं तितकंच त्यांनाही होतं.

"घाटावर खुर्ची नाही हो."

"सिनेमात नाही खरी," ते विचार करत म्हणाले. "पण इथे आहे."

"थांबा. मी बघून येते."

ती सावकाश खाली उतरली. पाण्याशी पोचली. तिथे काही नव्हतं, शेवाळ आणि एक फुटका खराटा. वळून परत निघणार तेवढ्यात तिचं लक्ष दगडावर गेलं. सगळा दगड दवाने ओला होता आणि त्यात चार कोपऱ्यांवर चार लहान ठिपके कोरडे होते. जणू काही तिथे रात्रभर ठेवलेलं कोणी नुकतंच उचललं असावं.

धोब्याने पाट ठेवला असेल, ती मनाशी म्हणाली. नाहीतर कोणी बाज टाकली असेल. बाज एवढी लहान नसते, हेही तिने मनाशीच म्हटलं. ती बघत असतानाच ते ठिपके आजूबाजूच्या ओलीत विरून गेले. मग आपण पाहिलं की नाही, याचीच तिला शंका यायला लागली.

"काय गं?" वरून हाक आली.

"काही नाही. शेवाळ आहे. तुम्ही उतरू नका."

४

जगन्नाथराव उलट खुशीत होते. नोकरी सुटल्यापासून घुम्यासारखे बसून असायचे, ते आता शीळ घालायला लागले होते. पुलावर काय दिसलं, तालावर काय दिसलं, रोज नव्याने सांगायचे. पेटीची दोरी कशी बांधली होती ते बोटांनी हवेत काढून दाखवायचे. नकाशे काढणारा हात तो. भानुमती पोळ्या लाटता लाटता ऐकायची. इतकं बोलणारा नवरा तिला लग्नाच्या नव्या दिवसांनंतर आत्ताच मिळाला होता.

म्हणून बंगल्याचं ती टाळत होती तरी ठाम नाही म्हणत नव्हती. छावणीत कोणी आत सोडत नाही म्हणाली, थंडी सरू दे म्हणाली. शेवटी त्यांनी परस्पर तिच्या भावाला गाठलं. मधुसूदन छावणीच्या कचेरीत कारकून होता. त्याला मराठी सगळं समजायचं, पण बोलायला गेला की दोन शब्दांत हिंदीत घसरायचा.

"ताई, परमिशन मिळाली," तो सांगायला आला. "बंगला ख़ाली पड़ा है, साहेब लोक कोणी राहत नाही. चौकीदार हरप्रसाद उघडून देईल. जीजाजींना बोल, जितना चाहें देखें."

"खाली का पडलाय?"

"अरे, अलॉट होतो, पण फॅमिली टिकत नाही. कहते हैं सीलन है." मधुसूदनने खांदे उडवले. "भिंती ओल्या असतील, और क्या."

तो गेल्यावर भानुमती नवऱ्याजवळ जाऊन बसली. "बंगला राहू द्या ना. माझं ऐका."

जगन्नाथरावांनी अंदाजाने तिचा हात शोधला. एकदा चुकले, मग सापडला. "काल तुझा चेहरा दिसला नाही, भानू. समोर होतीस, पण मधला भाग नुसता राखेसारखा. तिथे मात्र सगळं लख्ख दिसतं. पुलावर तू दिसलीस तशी तू मला वर्षभरात दिसली नव्हतीस. अजून एकदा बघू दे."

तिने त्याच रविवारी जायचं कबूल केलं. फक्त भर दुपारी जायचं, एवढी अट घातली.

५

छावणीतले रस्ते रुंद आणि निवांत. कडुनिंबांच्या मधून बंगला दिसला तेव्हा भानुमतीची भीती क्षणभर पळाली. पडद्यावर इतक्यांदा पाहिलेली कमान, तीच पागोळ्यांची लाकडी झालर, पायरीवरचा तोच टवका. जुन्या मैत्रिणीचं घर सापडावं तसा तिला उमाळा आला.

हरप्रसाद चौकीदाराने कुलूप काढलं आणि स्वतः बाहेरच उकिडवा बसला. "आप देख आओ, साब. हम इतै बैठे."

"आत कोणी राहतं का?" भानुमतीने हिंदीत विचारलं.

"इतै कोऊ नईं रहत, बाईसाब," तो म्हणाला आणि बिडी शोधायला लागला.

आत चुन्याचा आणि बंद हवेचा वास होता. दिवाणखाना रिकामा, जेवणघर रिकामं. जगन्नाथरावांनी तिचा हात धरला होता, पण वाट ते दाखवत होते. "इथे शिसवी टेबल. जपून, कोपरा लागेल." तिथे टेबल नव्हतं. तरी ती वळसा घालून गेली. का गेली ते तिचं तिलाही कळलं नाही.

मागच्या बाजूला ती खोली होती. दार लोटलं आणि दोघं उंबऱ्यावर थांबली. मोठी खिडकी, खिडकीतून आलेलं ऊन, उन्हात तरंगणारी धूळ. बाकी काही नाही. वेताची खुर्ची नाही, खुर्ची ठेवायला लागेल असलं काहीच नाही.

"झालं ना समाधान?" ती हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली. "कोणी नाही. तुम्ही जिंकलात."

जगन्नाथराव मान कलती करून खिडकीकडे बघत होते. चेहरा हळूहळू मऊ झाला. थकून आलेल्या बायकोकडे बघावं तसा.

"तू कधी जाऊन बसलीस, भानू?" ते म्हणाले. "पाय दुखतायत का?"

"मी इथे आहे."

ते खिडकीकडेच बघत राहिले.

"अहो, इकडे. मी तुमचा हात धरलाय."

त्यांची बोटं तिच्या हातावर फिरली. मनगटावरच्या बांगड्या चाचपल्या, पाटलीवरची नक्षी चाचपली. मग बोटं थांबली.

"मग तिथे तू कशी?" त्यांनी फार हळू विचारलं.

तेवढ्यात भानुमतीने आवाज ऐकला. हा डोळ्यांचा आजार नव्हता. तिचे कान धड होते. रिकाम्या खोलीत वेत करकरला. जुन्या खुर्चीत बसलेलं माणूस मागे वळून बघताना करकरतो तसा, सावकाश आणि लांबलचक.

"वळतेय," जगन्नाथराव म्हणाले.

भानुमतीने दुसरा हात वर केला आणि त्यांचे डोळे झाकले. हेच डोळे थोडे दिवस टिकावेत म्हणून तिने सोळा सोमवार धरले होते. आता तळव्याखाली त्यांच्या पापण्या फडफडत होत्या आणि ती त्या घट्ट दाबून धरत होती.

"चला. मागे या. पाऊल मागे टाका," ती म्हणत राहिली. खोलीकडे पाठ फिरवायचा तिला धीर झाला नाही. समोर बघायचाही झाला नाही. तिने उंबऱ्यावरच्या चुन्याकडे नजर लावली आणि त्यांना तसंच ओढत बाहेर आणलं.

पडवीत आल्यावर हात काढला. समोर काचेचं दार होतं, धुळीने माखलेलं. दुपारच्या उन्हात त्यात दोघं दिसत होती. जगन्नाथरावांचा कोट, कडेला तिचं हिरवं लुगडं. आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला, कोपरापाशी, राखेच्या रंगाचा एक पदर. त्यापुढे काच संपत होती.

तिने वळून पाहिलं नाही. त्यांचा हात तेवढा आणखी घट्ट धरला.

रिक्षात बसताना जगन्नाथराव नेहमीप्रमाणे कडेला सरकले नाहीत. मधोमध बसले. पूल आला. मग तिने विचारलंच, "तिचं तोंड दिसलं का?"

"तू हात ठेवलास तेव्हा अर्धीच वळली होती."

"कोण होती?"

ते जरासं हसले. "तू म्हातारपणी चांगली दिसणार आहेस, भानू."

६

होळीच्या सुमाराला त्यांना दिसायचं पार थांबलं. भानुमतीने मन घट्ट करून ठेवलं होतं: धडपडतील, चिडतील, रडतील. तसं काही झालं नाही. ते घरभर वावरायचे. माठ, देव्हारा, मोरी, सगळीकडे. कशावर आपटायचे नाहीत. शेजारणी कौतुक करायच्या. मधुसूदन म्हणायचा, "जीजाजींना पहले से अच्छा दिखता है."

कधी ती बाजारातून यायची तर त्यांचा भांग नीट पाडलेला असायचा. ती विचारायची नाही. एकदा विचारलं, तर ते गोंधळून म्हणाले होते, "तूच तर पाडलास मघाशी."

तिला भीती वाटायची आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. लग्नाची बायको ती. तिच्या घरात तिच्याआधी कोणी तांब्या भरून द्यावा, याचा तो राग होता. हे घर सोडून माहेरी चला, असंही ती एकदा म्हणाली. ते म्हणाले, "कशाला? इथे मला सगळं ठाऊक आहे." ते बरे होते, रात्री शांत झोपत होते. माझ्यामागे यांचं कोण, हा घशातला खडा कधी विरघळला तेही तिला कळलं नव्हतं.

चैत्रातली एक संध्याकाळ. ती आत कणीक मळत होती. ते पुढच्या खोलीत बाकावर बसले होते. वाऱ्याने दार उघडलं आणि यार्डातल्या शंटिंगचा आवाज आत आला. त्यात त्यांचं बोलणं तिला ऐकू आलं, अगदी लाडिक, खालच्या आवाजातलं.

"हात किती गार आहे गं तुझा."

भानुमतीने कणीक तशीच टाकली. "आले," ती मोठ्याने म्हणाली आणि पिठाच्या हातांनी बाहेर येऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसली. त्यांचा तो हात तिने मांडीवर घेतला. डावा बाकाच्या काठावर होता, बोटं अर्धवट मिटलेली, त्यात काहीतरी धरल्यासारखी. तिकडे तिने नजर जाऊ दिली नाही.

"काय करत होता?"

"काही नाही. सिनेमा आठवत होतो. तू सांग ना."

"मीठमसाला घालते म्हणून म्हणता ना?"

"घाल."

तिने सुरुवात केली. पुलापासून, धुराच्या लोटापासून. पायाशी असलेली पेटी सांगितली. घाट सांगितला, पलीकडची बत्ती सांगितली. आवाज आधी कापत होता, मग सुरात लागला. इतकी वर्षं पाठ असलेली गोष्ट, ती आपोआप पुढे जात होती. जगन्नाथराव डोळे मिटून ऐकत होते. बाहेर उजेड अजून होता. नायिका बंगल्यात पोचली. तिथे भानुमती थोडी अडखळली, आणि ती मागची खोली, ती संध्याकाळ, ते पायाशी बसणं सगळं गाळून एकदम पुढे गेली, नवऱ्याच्या शेवटच्या गाडीकडे.

जगन्नाथरावांच्या लक्षात आलं नाही. कदाचित डोळा लागला असेल.

त्यांच्या पलीकडून मात्र कोणीतरी हलकेच खाकरलं.

भानुमती थांबली. समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत राहिली. मग तिने नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला, आणि मागे जाऊन ती खोली पहिल्यापासून सांगायला घेतली.